चौथ्या नगाला हिरवा शिक्का

वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्याच घरात राहतात आणि मी जिथे शिवणकाम करते त्याच कारखान्यात तपासनीस आहेत. बाकीच्यांना नणंद घरी गेल्यावर भेटते, मला ती दोन पाळ्यांत भेटते. या गोष्टीत जीव टांगणीला लागतो तो त्यांचा, हे आधीच सांगून टाकते. मला शेवटपर्यंत झाकून ठेवणं जमत नाही, आणि झाकून ठेवल्यामुळेच तर हे सगळं झालं.

कारखाना गाद्या, उश्या आणि खुर्च्यांच्या बैठका शिवणारा. लांबच लांब हॉल, एका भिंतीला नऊ मशीन, दुसऱ्या भिंतीला कापसाची पोती, मधे कापड बेतायचं टेबल आणि टोकाला मोठ्या खिडकीखाली वन्संचं उंच टेबल. त्यांच्या एप्रनच्या उजव्या खिशात हिरवा शिक्का असतो आणि डाव्या खिशात लाल चिठ्ठ्यांचं बुक. माल चांगला असला तर शिक्का, दोष असला तर चिठ्ठी. डावा खिसा दर दोन महिन्यांनी फाटतो, उजवा सोळा वर्षांपूर्वी शिवला तसाच आहे. यावरून काय ते समजा.

लाल चिठ्ठीचा नियम त्यांनीच केलेला. तो हॉलमध्ये, फाटकाशी आणि, का कोण जाणे, संडासात फ्रेम करून लावला आहे. चिठ्ठी कोणीही लावू शकतो, त्यावर दोष लिहायचा. चिठ्ठी लागलेली वस्तू त्याच दिवशी फाटकाबाहेर तपासणीला किंवा दुरुस्तीला गेली पाहिजे, सोबत एक माणूस द्यायचा. काढायचा अधिकार फक्त तपासणाऱ्याला. ज्याची वस्तू, त्याला नाही म्हणता येत नाही. एकदा मालकांच्या खुर्चीला चिठ्ठी लागली तेव्हा मालक नऊ दिवस कापसाच्या पोत्यावर बसून कारभार बघत होते, आणि उठताना दर वेळी त्यांच्या मागे कापूस लागलेला असायचा. कोणाची हिंमत झाली नाही सांगायची.

घरीही तेच. चादर उजेडाला धरून बघायची, चहाचा रंग कपाशी लावून बघायचा, भावाच्या शर्टाची बटणं ओढून बघायची, शर्ट अंगात असताना. आमचे हे लहानपणापासून तपासले गेलेले असल्यामुळे त्यांना काही वाटत नाही. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, वन्संना ते कुसळ कुठल्या गवताचं हेही दिसतं.

गेली दोन वर्षं त्यांनी स्टुलांचा पिच्छा पुरवला होता. उंच टेबलाशी बसायला एक लाकडी स्टूल होतं. एक दिवस त्यांनी त्याला चिठ्ठी लावली: बसल्यावर टोचते. सुताराने ते उलटं केलं, ठोकलं, हात फिरवला, स्वतः बसून जेवला, आणि लिहून दिलं की दोष आढळला नाही. दुसरं आणलं. त्यालाही चिठ्ठी. मऊ बैठकीचं आणलं, त्यालाही. असं करत चौदा स्टुलं झाली. सुतार शेवटी शेवटी रडकुंडीला आला होता. मग वन्संनी बसणंच सोडलं आणि आठ-आठ तास उभ्या राहून काम करायला लागल्या. घरात साबण बदलला पाच वेळा, कपडे धुवायची पावडर तीन वेळा, आतल्या कपड्यांचं इलॅस्टिक तर किती वेळा ते विचारू नका. सगळ्यांत दोष. आणि मी अक्कलशून्य, मला वाटायचं, बाईचा स्वभावच किरकिरा, त्याला कोण काय करणार.

अशात ती ऑर्डर आली. एक डॉक्टरीणबाई नर्सच्या मुलींना शिकवायच्या. त्यांना कापडाचे नमुने हवे होते, बाईच्या योनिमुखाचे, म्हणजे बाहेरून दिसतो तो सगळा भाग, दुप्पट आकारात, सहा नग. एक निरोगी आणि पाच कर्करोगाचे. चित्र दाखवलं की मुली माना खाली घालतात, त्या म्हणाल्या, हातात दिलं की बघावंच लागतं. मालकांनी ऑर्डर घेतली आणि वहीत लिहिलं, "विशेष उशी, सहा." डॉक्टरीणबाई आम्हाला समजावत होत्या ती पाऊण तास मालक भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे होते. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

वन्सं त्या वेळी हॉलमध्ये नव्हत्या. शिवणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने एकच बोलणं ऐकू नये, नाहीतर तपासणारा शिवणाऱ्याच्या डोळ्यांनी बघतो, हाही त्यांचाच नियम. त्या कोठाराच्या मागच्या खिडकीशी गेल्या होत्या. तिथे त्या काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. घरीही मागच्या खिडकीशी रोज सिगारेटचा वास येतो, आणि आम्ही सगळे म्हणतो, शेजाऱ्यांच्या धुराड्याचा. शेजाऱ्यांकडे धुराडं नाही.

डॉक्टरीणबाईंनी रंगीत तक्ता पसरला आणि मी माझ्या वहीत टिपून घेतलं. पहिला नग निरोगी. दुसरा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो तो, बारीक उंचवटे, दोन-चार ठिकाणी, आणि हा तुलनेने तरुण बायकांतही दिसतो. तिसरा मेलानोमा, तिळासारखा काळा डाग, पण कडा वेड्यावाकड्या. चौथा वय झालेल्या बायकांचा. आधी बरीच वर्षं कातडी पांढरी आणि पातळ होत जाते, चुरगळलेल्या कागदासारखी, आतले ओठ हळूहळू आक्रसून सपाट होतात, खाज जात नाही, आणि मग कधीतरी त्या पांढऱ्यात एक टणक फोड उठतो. पाचवा लालभडक, खवले धरलेला, गजकर्ण समजून वर्षभर मलम चोळत बसतात तो. सहावा बाजूच्या ग्रंथीतला, आत गाठ. दहातले नऊ दुसऱ्या आणि चौथ्याच्या जातीचे, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातून निघणारे. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा हळू वाढणारा एक प्रकार आणखी असतो, पण तो पुढच्या ऑर्डरीत घेऊ म्हणाल्या.

मग कोणाला होतो ते निघालं. साठीच्या पुढे जास्त. विषाणू. सिगारेट. एचआयव्हीने किंवा औषधांनी अंगातली ताकद कमी झालेल्यांना. ती पांढरी कातडी वर्षानुवर्षं औषधाविना राहिली तर. गर्भाशयाच्या तोंडाशी आधी काही निघालं असेल तर. विषाणूवर लस आहे, मुलींना लहान वयातच द्यावी. आमच्या इस्त्रीवालीने विचारलं, की यातलं काही नसलं म्हणजे सुटलो का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, आणि असलं म्हणजे होतोच असंही नाही. पांढरी कातडी असलेल्या शंभर जणींतल्या जेमतेम चार-पाच जणींना होतो. मग उपयोग काय या यादीचा, असं इस्त्रीवाली म्हणाली. "बघायचा उपयोग," त्या म्हणाल्या. "आरसा घ्यायचा आणि बघायचं. खाज हटत नाही, रंग बदलला, गाठ, फोड, रक्त, काही दिसलं की दाखवायचं." मालकांनी कॅलेंडरचं पान उलटलं.

त्या गेल्यावर मालकांनी तक्ता गादीच्या खोळीत गुंडाळून लोखंडी कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या मोज्यात ठेवली. आमच्याकडे माझी वही होती, तेवढ्यावर भागलं. मी सहाही नग स्वतः शिवले. निरोगी नगाला मऊ बनियनचं कापड, दोन छटांचं. दुसऱ्याला गाठीचे टाके. तिसऱ्याला काळ्या मखमलीची चिंधी. पाचव्याला लाल टॉवेल. सहाव्यात एक बटण पुरलं. चौथ्याला अस्तराचं पांढरं कापड घेतलं, पातळ खळ लावली, मुठीत चुरगळलं, वाळवलं, आतल्या कडा जवळजवळ दिसेनाशा केल्या, आणि एका अंगाला टाक्यावर टाका घालून एक कडक उंचवटा आणला. तीस वर्षांच्या शिवणकामात मी इतकं मन लावून काही केलं नव्हतं, आणि वर्णन कोणाजवळ करावं म्हटलं तर सोय नाही.

मंगळवारी सकाळी नग वन्संच्या टेबलावर गेले. सोबत मंजूर नमुना म्हणून तक्ता जायला हवा होता. तो कपाटात, किल्ली मोज्यात, मोजा मालकांच्या पायात आणि मालक आजारपणाची रजा टाकून घरी. नमुना नसला तर तपासनिसाने स्वतःच्या समजुतीने तपासावं, असा नियम आहे. कोणाचा ते सांगायला नको.

त्यांनी पहिला, निरोगी नग उचलला. उजेडाला धरला, उलटा केला, पट्टीने मोजला आणि लाल चिठ्ठी लिहिली: कडांना नको इतके कापड सोडले आहे, रंग गडद. मला हसू आलं, पण दाबलं. दुसऱ्याला चिठ्ठी: गाठी वर आल्या आहेत. तिसऱ्याला: शाई सांडली आहे. मग चौथा नग घेतला, आणि दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता बघत राहिल्या. पट्टी लावली नाही. तो बाजूला ठेवून पाचव्याला चिठ्ठी लावली, रंग फुटला म्हणून, सहाव्याला आत कापसाची गुठळी म्हणून. मग पुन्हा चौथ्याकडे वळल्या, उजव्या खिशातून शिक्का काढला आणि खाडकन मारला.

म्हणाल्या, सहांत हाच एक नीट झालाय, बाकीचे फुकट गेले. मी म्हटलं, त्याला तो एका अंगाला उंचवटा आहे तो? त्यांनी अंगठा तिथे ठेवला.

"तेवढं चालतं," त्या म्हणाल्या.

सोळा वर्षांत त्या बाईच्या तोंडून "तेवढं चालतं" हे शब्द मी ऐकले नव्हते. अर्ध्या सुताने शिवण सरकली तर गादी परत पाठवणारी ही. मी विचारलं, वन्सं, नमुना तर आला नाही, मग तुम्ही मिळवून कशाशी बघितलं? त्या म्हणाल्या, बायकांचं असंच असतं, त्यात मिळवायचं काय. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा काय झाला होता देव जाणे, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शिक्का खिशात टाकायला गेल्या तो डाव्या खिशात टाकला.

मी मशीनवर येऊन बसले आणि चौदा स्टुलं एकेक करून माझ्या डोळ्यांपुढून गेली. पाच साबण गेले. इलॅस्टिक गेलं. वन्सं त्रेसष्टच्या, सिगारेट आहेच, खाज दोन वर्षांची, पांढरी कातडी आणि आता त्यात टणक फोड, माझ्या वहीतली यादी माझ्याच घरात राहत होती. इतकी वर्षं या बाईला मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील, त्यातली एकही मला त्या वेळी आठवेना.

संध्याकाळी आधी ह्यांना सांगितलं. म्हटलं, तुमच्या बहिणीला खालच्या जागी काहीतरी झालंय, डॉक्टरकडे न्यायला हवं. हे उठले, पाना घेतला आणि मोरीचा नळ दुरुस्त करायला गेले. नळ चांगला होता. दीड तासाने गळायला लागला. मग मी वन्संच्या खोलीत गेले, वही उघडली आणि चौथ्या नगाचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, अक्षर गिचमिड आहे. मी म्हटलं, अक्षराचं जाऊ द्या, डॉक्टरीणबाईंना मी फोन केला होता, त्या म्हणतात या आठवड्यात आणा, कदाचित काही नसेल, पण बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. वन्सं म्हणाल्या, वयोमानाने होतं, साबण बदलला की जाईल, आणि हात दाखवून अवलक्षण मला करून घ्यायचं नाही. मी चिडले. चिडले म्हणजे अगदी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, जगाच्या उश्या उलट्या करून बघता, स्वतःचं एकदा आरशात बघायला काय जातं?

"मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जायचं नाही."

पुढे दोन दिवस अबोला. घरात अबोला आणि कारखान्यात माझ्या प्रत्येक शिवणीवर लाल चिठ्ठी, एकीवर तर दोष म्हणून लिहिलं होतं, "आगाऊ." मी पुन्हा फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं, जबरदस्ती करता येत नाही. तुम्ही त्यांना पटेल अशा भाषेत सांगून बघा. आता वन्संना पटेल अशी भाषा जगात एकच. ती फ्रेम करून संडासात लावलेली.

शुक्रवारी सकाळी मी इस्त्रीवालीकडे उरलेली एक कोरी लाल चिठ्ठी मागून घेतली आणि भरली. वस्तू: तपासनीस. नग: १. दोष: बसता येत नाही, कारण आत शोधावे. मग वन्सं खिडकीकडे तोंड करून एक गादी बघत होत्या, तिथे गेले आणि त्यांच्या एप्रनच्या पट्ट्याला टाचणीने ती चिठ्ठी लावली. नऊच्या नऊ मशीन थांबली. रजा संपवून आलेले आणि जुन्या सवयीने कापसाच्या पोत्यावर बसलेले मालक उभे राहिले, मागे कापूस घेऊन.

वन्संनी पट्टा पुढे ओढून चिठ्ठी वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली. मला वाटलं, आता फाडतात, आणि फाडली तर मी काय करणार होते हे मला आजही माहीत नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"तारीख घातली नाहीस," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच घातली.

मालक म्हणाले, अहो पण माणसाला चिठ्ठी कशी लावता येईल? वन्संनी त्यांना फ्रेम दाखवली. नियमात वस्तू म्हटलं आहे, आणि वस्तू म्हणजे काय ते लिहिलेलं नाही, ती त्यांची स्वतःची चूक होती, आणि चूक दुरुस्त होईपर्यंत नियम लागू राहतो. मालकांनी माझ्यासमोर एवढं एकच वाक्य शहाण्यासारखं उच्चारलं, की सोबत माणूस म्हणून हिला पाठवा. हिला म्हणजे मला.

फाटकाशी फाटकवाले काका बसतात. त्यांच्याकडे दोन पास असतात, परत येणाऱ्या मालाला निळा आणि परत न येणाऱ्याला पिवळा. त्यांनी वन्संची चिठ्ठी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि दोन्ही बुकं पुढे ओढली. काका सरळ माणूस, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, परतीचा की बिनपरतीचा?

वन्संनी एकदा निळं बुक बघितलं, एकदा पिवळं. काका आपले पेन उघडून बसलेले. शेवटी मी टेबलावर हात आपटून म्हटलं, निळा फाडा. वन्संनी पास घेतला, बघितला आणि म्हणाल्या, नग आकड्यात लिहिलाय, अक्षरात लिहा. काकांनी लिहिलं, "एक."

बैठका पोचवणारा टेम्पो त्याच रस्त्याने जाणार होता. आम्ही मागे, तीस खुर्च्यांच्या बैठकांमध्ये. मी एकीवर बसले, वन्सं दोराला धरून उभ्या. दोन चौक गेल्यावर त्या म्हणाल्या, "स्टुलांत काही नव्हतं ना?" मी म्हटलं, नव्हतं. त्या म्हणाल्या, सुताराला मी फार बोलले. मग दोराची गाठ ओढून बघितली.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या.

मी उठले आणि त्यांच्याशेजारी दोर धरून उभी राहिले. म्हटलं, मलाही वाटते. तीस बैठका होत्या तिथे, आणि आम्ही दोघी उभ्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासताना वन्सं त्यांना सांगत होत्या की उजेड खिडकीकडून घ्या, दिव्याने रंग चुकतो. बाईंनी ऐकलं. जागा बधिर करून फोडाचा एवढासा तुकडा काढला. तो बरणीत गेला, बरणीला चिठ्ठी लागली, आणि वन्संनी ती वाचून तारीख आहे ना ते पाहिलं. नऊ दिवसांनी बोलावलं. त्या दिवशी आमचे हेही आले, पण दाराबाहेर, पाठमोरे. कर्करोगच होता, चौथ्या नगाचा. पण लहान, बोटाच्या पेराहून कमी, पसरलेला दिसत नव्हता. तेवढा भाग आणि भोवतीची थोडी चांगली कातडी काढायची, आणि जांघेतली एक गाठ काढून तपासायची. चांगली कातडी कशाला काढता म्हणून मी विचारायला गेले तर वन्संच म्हणाल्या, शिवणीबाहेर थोडं कापड ठेवावं लागतं, नाहीतर उसवतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी तेच.

मग बाईंनी विचारलं, सिगारेट? कधीच नाही, वन्सं म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"रोज तीन," दाराबाहेरून ह्यांचा आवाज आला. "सुटीच्या दिवशी पाच."

एवढ्या प्रकरणात माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं ते या एकदा. वन्संनी विचारलं, म्हणजे चूक माझीच ना? बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सिगारेट सोडा, ती सोडलीच पाहिजे, पण हा कोणाच्या चुकीने येत नाही. उशीर मात्र आपण करतो, आणि तुम्ही फार केला नाहीत. वन्संनी मान हलवली. बाहेर हे नाक शिंकरत होते, बराच वेळ.

ऑपरेशन झालं. जांघेतली गाठ स्वच्छ निघाली. सहा आठवडे वन्सं घरी पडून होत्या आणि माझ्या फडक्यांच्या घड्या तपासत होत्या. तिकडे कारखान्यात पाच नग लाल चिठ्ठ्या लावून तसेच पडून, कारण नियमाप्रमाणे तपासनिसाशिवाय माल हलत नाही. डॉक्टरीणबाई एकीकडे पेशंटला बरं करत होत्या आणि दुसरीकडे तिलाच विचारत होत्या की माझे नमुने कधी मिळतील. वन्सं म्हणायच्या, दोष निघाल्याशिवाय नाही.

सातव्या आठवड्यातल्या सोमवारी त्या परत आल्या. काकांनी निळा पास मागितला, वन्संनी तो पर्समधून काढला. घडी न मोडलेला. काकांनी "माल परत आला" असा शिक्का मारून होईपर्यंत त्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. मी त्यांच्यासाठी मधे भोक असलेली गोल उशी शिवली होती, ती चौदाव्या स्टुलावर ठेवली, आणि वन्सं दोन वर्षांनी खाली बसल्या. बसल्यावर म्हणाल्या, उशीचा दोरा बारीक घेतलास. मला इतका आनंद झाला की मी भांडले नाही.

मग मालकांच्या मोज्यातून किल्ली निघाली, कपाटातून तक्ता निघाला, खोळीतून सुटला आणि भरल्या हॉलमध्ये भिंतीवर लागला. मालक म्हणाले, इथे नको. वन्संनी खिळा मागितला. तक्ता समोर ठेवून त्यांनी नग पुन्हा तपासले. दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा, चारही चिठ्ठ्या काढल्या आणि हिरवा शिक्का मारला. चौथा घेतला. त्यावर शिक्का आधीचाच होता. तो खोडायचा की ठेवायचा, त्यांनी विचार केला. काम बरोबर होतं, तक्त्याशी हुबेहूब मिळत होतं. शेवटी शिक्का तसाच ठेवला आणि खाली पेनाने लिहिलं, "नग बरोबर. तपासनिसाने ओळखला नाही." सही केली, तारीख घातली.

राहिला पहिला. निरोगी. त्याची चिठ्ठी काढून त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, तक्त्याजवळ धरला, पुन्हा खिडकीजवळ नेला. मी टेबलापाशी उभी होते. सोळा वर्षं लाखो टाके बघितलेल्या त्या डोळ्यांनी त्या दोन छटांच्या मऊ कापडाकडे इतका वेळ बघत राहिल्या, की इस्त्रीवालीने इस्त्री बंद केली.

"असं असतं होय?" त्या म्हणाल्या. "मला कोणी दाखवलंच नाही गं."

मग त्यांनी उजव्या खिशात हात घातला. शिक्क्याची शाई वाळली होती, दोनदा दाबावा लागला.